एक कोपर म्हणजे दहा फूट

हॅन्कॉकच्या चढावर, जिथे फेब्रुवारीत बर्फ
खिडक्यांच्या कानाशी लागतं,
तिथे इर्या केम्पाइनेनबाईंचं घर.
काम साधं. चुलीवरचा मायक्रोवेव्ह बदलायचा,
धूर घराबाहेर काढून द्यायचा.
दोन तास, मी फोनवर म्हणालो.
मी नेहमी दोन तासच म्हणतो.

जुनं यंत्र उतरवलं, डेलनं खालून खांदा दिला.
मागे भिंतीवर तेलकट पिवळा चौकोन,
आणि कपाटातून वर गेलेला पत्र्याचा डक्ट.
चांगल्या हाताचा होता.
सांध्यांना चंदेरी टेप, कापडी नव्हे,
स्क्रू आखूड, आत टोक न काढणारे,
तेल अडून बसेल याचं भान असलेल्या माणसाचे.
"व्हेइक्कोनं केलं," बाई म्हणाल्या,
"त्र्याण्णव साली, हरणांचा मोसम उघडायच्या आधी."

टॉर्च घेऊन माळ्यावर गेलो.
डक्ट वर आला होता, एक कोपर घेऊन वळला होता,
बाहेरच्या भिंतीकडे नाकासमोर चार फूट चालला होता
आणि थांबला होता.
फळीच्या वीतभर अलीकडे.
तोंडात चौकड्यांच्या शर्टाची बाही कोंबलेली,
तेलानं पुठ्ठ्यासारखी झालेली.
भिंतीला भोक नव्हतं.
पेन्सिलीचं वर्तुळ होतं. मधोमध फुली,
बाजूला नीट अक्षरात: सहा इंच.

आमच्या हिशेबात एक कोपर म्हणजे सरळ दहा फूट;
वळताना वाऱ्याचा दम तेवढा खर्ची पडतो.
राहून गेलेल्या वीतभराचे किती धरायचे
हे तक्त्यात दिलेलं नाही.

माळ्याला आठ पायऱ्या. उतरताना
आठ वाक्यं जुळवली, आठही मोडली.
खाली बाई कॉफी ओतत होत्या.
"भोक नाहीये ना?" त्यांनीच विचारलं.
"दर वसंतात ती भिंत मी बाहेरून धुते.
मला दिसणार नाही?
शिडीला भ्यायचा तो. तरुणपणी खाणीत
कितीही खोल उतरायचा शीळ घालत,
पण चार पायऱ्या वर म्हटलं की गुडघा दुखायचा.
मग मी म्हणायची, काय छान खेचतो रे धूर!
आणि तो झोपला की खिडकी उघडायची."

झाकली मूठ म्हणतात ती ही असावी:
एकाची मूठ, आणि तिच्यावर
दुसऱ्याचा तळवा.

दोनदा मोजलं. त्याचं वर्तुळ केसभरही चुकलेलं नव्हतं.
आतून फुलीवर ड्रिल टेकवलं,
मग बाहेरून शिडीवर, उणे चौदात, करवत.
लाकडाची चकती निसटली
आणि माळ्यात उजेड शिरला, धुळीसकट, दंडाएवढा जाड.
उरलेली वीत जोडली. बाहेर झाकण, झाकणाला फ्लॅप.
नवं यंत्र कारखान्यातून येतं ते
स्वतःचाच श्वास परत घेणारं;
स्क्रू काढून पंख्याचं तोंड फिरवावं लागतं.
हे विसरणारे पुष्कळ.
मीही एकदा विसरलो होतो, मेपल स्ट्रीटवर. असो.

पंखा लावला. कागदी रुमाल फिल्टरला चिकटून राहिला.
"कागदाचं काय," बाई म्हणाल्या,
आणि लोण्यात कांदा टाकला, वर हेरिंगचे तुकडे.
मग नवऱ्याचे बूट चढवून
त्या बाहेर गेल्या, भिंतीखाली,
गुडघाभर बर्फात, तोंड वर करून.
एकावन्न वर्षं त्या घरात राहून
आपलं स्वयंपाकघर कसं वासतं हे
रस्त्यावरच्यांनाच ठाऊक असतं म्हणतात;
यांच्या बाबतीत त्यांनाही नव्हतं.
बराच वेळ आल्या नाहीत.
मासा करपायला लागला तेव्हा डेलनं गॅस बंद केला.

आल्या, नाक लाल. काही बोलल्या नाहीत.
चकती उचलली, कडेला पेन्सिलीची अर्धी रेघ
करवतीच्या दातातून वाचलेली.
तिच्यावर कॉफीचा कप ठेवून बघितला.
डगमगला. घडी करून खाली कागद सारला.

साडेपाच तास झाले होते.
बिलात मी दोन लिहिले.
बाही त्यांनी मागून घेतली. धुवून बघते म्हणाल्या.